साठ दिवसांची मुदत आणि तीन रायफली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४५. गेली १२ वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. नवरा-बायको दोघांकडे ग्रीन कार्ड, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. मुलगा १४ वर्षांचा. नवी नोकरी कॅलिफोर्नियात सनीवेलला मिळाली असून तीन महिन्यांत घर हलवायचं आहे. घरात तीन रायफली आहेत: रानडुकरांच्या शिकारीसाठी घेतलेली .३०८ची बोल्ट-अ‍ॅक्शन, मुलाला नेमबाजी शिकवायला घेतलेली .२२ची रुगर १०/२२, आणि एआर-१५ धाटणीची एक, सोबत ३० गोळ्यांची सहा मॅगझिनं. ते लिहितात, "सगळं रीतसर दुकानातून घेतलंय, पावत्या आहेत. नव्या रहिवाशाला कॅलिफोर्नियात ६० दिवस मिळतात असं वाचलं, म्हणून तिथे स्थिरावलो की एआर बदलून घेईन असा विचार आहे. रेंजवरचा मित्र म्हणतो, आहे तशी ने, तो कायदा कोर्टात पडणारच आहे. बायको म्हणते, तिन्ही विकून टाक आणि विषय संपव. मला ते हार मानल्यासारखं वाटतं. विकू, बदलू, की मित्राकडे ठेवून जाऊ?"

उत्तर

तुमच्या पत्रातलं "तिथे स्थिरावलो की बदलून घेईन" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. आधी तेच सोडवू, बाकीचं मग सोपं होईल.

६० दिवसांची मुदत खरी आहे. कॅलिफोर्नियात राहायला येणाऱ्याने आपली बंदूक राज्यात आणल्यापासून ६० दिवसांत तिची नोंद राज्याच्या न्याय विभागाकडे करायची असते. पण ही सवलत ज्या बंदुका तिथे मुळात चालतात त्यांच्यापुरतीच आहे. राज्याच्या व्याख्येत जी रायफल 'असॉल्ट वेपन' ठरते, ती नव्या रहिवाशांच्या तरतुदीतून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. अशी रायफल राज्याच्या हद्दीत आणणं हाच गुन्हा आहे. तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो आणि त्याला ४, ६ किंवा ८ वर्षांची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे तुमची एआर आहे त्या रूपात गाडीत ठेवून तुम्ही ॲरिझोना-कॅलिफोर्निया हद्दीवर ब्लाइथजवळ कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडलात, की गुन्हा घडून गेलेला असेल. साठाव्या दिवशी फिन ग्रिप (अंगठ्याचा वेढा अडवणारी मूठ) बसवून तो पुसता येत नाही. जे काही बदलायचं, विकायचं, सोडायचं ते टेक्सासमध्ये असतानाच.

पावत्यांचंही तसंच. टेक्सासची पावती टेक्सासमधल्या खरेदीचा पुरावा आहे, पुढच्या राज्यातला परवाना नाही. बरेच जण १९८६च्या फेडरल कायद्यातल्या सुरक्षित प्रवासाच्या तरतुदीवर भिस्त ठेवतात. ती तरतूद जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार आहात अशा दोन्ही ठिकाणी ती वस्तू कायदेशीर असेल तरच लागू होते. मधल्या एखाद्या कडक राज्यातून जाताना ती कामाची आहे, पण पोहोचायचं ठिकाणच कडक असेल तर तिचा उपयोग शून्य.

आता मित्राचं म्हणणं. खटले चालू आहेत हे खरं. ऑक्टोबर २०२३मध्ये सॅन दिएगोच्या फेडरल जिल्हा न्यायाधीशांनी असॉल्ट वेपन बंदी घटनाबाह्य ठरवली होती. पण कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतं त्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि बंदी चालूच राहिली. १०पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनांवरची बंदी तर त्याच अपील न्यायालयाने मार्च २०२५मध्ये वैध ठरवली. उद्या काय होईल यावर मित्र पैज लावू शकतो, कारण त्याला टेक्सासमध्येच राहायचं आहे. तुम्हाला मात्र ज्या दिवशी हद्द ओलांडाल त्या दिवशी अमलात असलेला कायदाच लागू होईल.

आणि पैज लावायला तुमच्याकडे जे आहे ते मित्राकडे नाही: ग्रीन कार्ड. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळं कलम आहे. बंदूक बेकायदा बाळगणं, विकणं, वापरणं यासाठी दोषी ठरलेला ग्रीन कार्डधारक हद्दपारीच्या कारवाईला पात्र ठरू शकतो. त्यासाठी कोणाला इजा झालेली असावी लागत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात अटकेचीही माहिती द्यावी लागते, मग पुढे खटला झाला असो वा नसो. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला जी चूक वकिलाच्या फीवर निभावते, ती तुमच्या घराला फार महाग पडेल. म्हणून या उत्तरात जिथे जिथे 'बहुतेक चालेल' आणि 'नक्की चालेल' असे दोन रस्ते येतील, तिथे तुमच्यासाठी दुसराच.

तुम्ही तिन्ही रायफलींचा एकत्र विचार करताय आणि तुमच्या पत्नीही. माझ्या मते तिढा तिथेच आहे. कायद्याच्या नजरेत या तीन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

.३०८ची बोल्ट-अ‍ॅक्शन खुशाल न्या. पिस्टल ग्रिप, स्टॉक वगैरेंची बंधनं अर्ध-स्वयंचलित रायफलींवर आहेत, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढावी लागणाऱ्या रायफलीवर नाहीत. एवढंच लक्षात असू द्या की कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीला शिसेविरहित गोळीच वापरावी लागते. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि तुमच्या नळीला ती कितपत मानवेल हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन-तीन वजनांची पाकिटं घेऊन, १०० यार्डांवर दुर्बीण नव्याने झीरो करूनच, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवूनच रानात जा. टेक्सासचं शिकार-शिक्षणाचं प्रमाणपत्र जपून ठेवा, तिथला शिकार परवाना काढताना ते चालतं.

रुगर १०/२२ही जाऊ शकते. ती अर्ध-स्वयंचलित असली तरी रिमफायर आहे, म्हणजे आघात काडतुसाच्या कडेवर होतो, आणि वैशिष्ट्यांवरून ठरणारी बंदी सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या मध्यावर आघात होणाऱ्या रायफलींना लागू आहे. तिचं मूळचं गोल मॅगझिन १० गोळ्यांचंच असतं. घरात २५ गोळ्यांचं वाकडं मॅगझिन असेल तर मात्र ते टेक्सासमध्येच राहील. ".२२ तर आहे, त्याला काय होतंय" म्हणून हेच मॅगझिन बॅगेत राहून जातं.

खरा प्रश्न एआरचा. पाना हातात घेण्याआधी लोअर रिसीव्हरवर (ट्रिगर आणि मॅगझिनची खोबण असलेला खालचा सांगाडा), मॅगझिनच्या खोबणीच्या बाजूला, काय कोरलं आहे ते वाचा. कॅलिफोर्नियाची बंदी दोन प्रकारे चालते. एक नावावरून: १९८९च्या कायद्यात आणि २०००मध्ये वाढवलेल्या यादीत काही कंपन्या आणि मॉडेलं नाव घेऊन आहेत. त्यांत कोल्टची एआर-१५ मालिका आहे, बुशमास्टरची एक्सएम-१५ आहे, आणखीही आहेत. तुमच्या लोअरवरचं नाव आणि मॉडेल त्या यादीत असेल तर वाद संपला. सगळे सुटे भाग बदलले, अगदी नुसती लोअर नेली तरी ती बंदीतच येते. ती विकायची किंवा टेक्सासमध्ये ठेवायची. राज्याच्या न्याय विभागाची ही यादी उघडून अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, दुकानदाराच्या आठवणीवर जाऊ नका.

नाव यादीत नसेल तर दुसरी चाळणी वैशिष्ट्यांची. काढता येणारं मॅगझिन असलेल्या अर्ध-स्वयंचलित सेंटरफायर रायफलीला पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असली तरी ती असॉल्ट वेपन ठरते: खाली ठळक बाहेर आलेली पिस्टल ग्रिप, अंगठ्यासाठी भोक असलेला स्टॉक, दुमडणारा किंवा मागेपुढे सरकणारा स्टॉक, फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडावरचं, ज्वाळा कमी करणारं उपकरण), पुढची उभी मूठ, ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर. शिवाय एकूण लांबी ३० इंचांपेक्षा कमी असेल तर तीही बंदीत. दुकानातून घेतलेल्या साध्या एआरमध्ये यांतल्या तीन गोष्टी तरी असतातच.

यातून निघायचे दोन मार्ग. पहिल्याला तिथले लोक 'फीचरलेस' म्हणतात. मॅगझिन निघतं ते तसंच ठेवायचं आणि वरच्या यादीतलं सगळं काढायचं. ग्रिपच्या जागी फिन ग्रिप येते. नियमाची कसोटी अशी: गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ट्रिगरच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली जाता कामा नये. फिनमुळे अंगठ्याचा वेढा अडतो आणि हात वरच राहतो. ग्रिप काढताना रायफल उलटी धरा. त्या ग्रिपच्या आत सेफ्टीच्या खटक्याची बारीक स्प्रिंग असते. सरळ धरून स्क्रू काढला की स्प्रिंग आणि तिच्या वरची छोटी पिन टिचकन उडते, मग गॅरेजभर रांगत शोधावी लागते. नवी ग्रिप बसवताना स्प्रिंग तिरकी बसली तर सेफ्टी अडकते. म्हणून बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर सेफ्टी पाच-सहा वेळा खालीवर करून पाहा.

सरकत्या स्टॉकसाठी सोपा उपाय म्हणजे लोअरच्या मागच्या त्याच नळकांड्यावर बसणारा स्थिर स्टॉक. काही जण जुन्या धाटणीचा लांब रायफल-स्टॉक आणतात. मग त्याला लांब नळकांडं, लांब स्प्रिंग आणि रायफलचाच बफर (मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलणारा ठोकळा) लागतो. लांब नळकांड्यात आखूड कार्बाइन बफर राहून गेला तर बोल्ट कॅरिअर गरजेपेक्षा मागे जाऊन लोअरवर आदळतो. आहे तोच स्टॉक पिन मारून कायमचा अडकवणंही चालतं, फक्त तो हाताने सरकता कामा नये.

फ्लॅश हायडर काढताना घाई नको. नळी स्वतः १६ इंचांची आहे की १४.५ इंचांची नळी करून तिच्यावर हायडर पिन आणि वेल्डने कायमचा जोडून १६ इंच पूर्ण केलेत, हे आधी बघा. दुसऱ्या प्रकारातला हायडर कापून काढला, की त्या क्षणी फेडरल कायद्याने ती आखूड नळीची रायफल होते आणि तो टेक्सासमध्येसुद्धा नोंदणीविना गुन्हा आहे. मोजायची रीत अशी: रायफल रिकामी करून, खात्री करून, बोल्ट बंद करायची. तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत घालायची आणि नळीच्या तोंडाशी खूण करायची. तुमची नळी खरोखर १६ इंचांची असेल तर अप्पर (रायफलीचा नळी असलेला वरचा भाग) पकडीच्या ठोकळ्यात धरून, पाऊण इंची पान्याने हायडर सोडवा, जुना दाबवायसर (आवळताना चेपली जाणारी चकती) टाकून नवा घ्या आणि साधा मझल ब्रेक (रायफलीचा धक्का कमी करणारं उपकरण) किंवा नुसती आट्यांची टोपी बसवा. रायफलीच्या नळीला आटे असण्यावर कॅलिफोर्नियात बंदी नाही. ब्रेक निवडताना 'झगझगाटही कमी करतो' असं कंपनीनेच मिरवलेला घेऊ नका. नियमाच्या व्याख्येत ज्वाळा जाणवण्याइतकी कमी करणारं किंवा नजरेपासून वळवणारं कुठलंही उपकरण फ्लॅश हायडरच ठरतं, नाव काहीही असो.

दुसरा मार्ग 'फिक्स्ड मॅगझिन'चा. ग्रिप, स्टॉक सगळं तसंच ठेवायचं आणि १० किंवा कमी गोळ्यांचं मॅगझिन असं अडकवायचं की अप्पर-लोअर उघडल्याशिवाय ते निघणार नाही. जुन्या चर्चांमध्ये 'बुलेट बटन' नावाचा खटका सुचवलेला आढळेल. तो १ जानेवारी २०१७पासून बाद आहे, त्यावर पैसे घालवू नका. फिक्स्ड मॅगझिनमध्ये मला खटकते ती गोळी अडकण्याची वेळ. दोन काडतुसं एकदम शिरून बोल्ट कॅरिअर अर्धवट मागे अडकला, तर त्याची शेपटी बफरच्या नळकांड्यात राहते आणि अप्पर उघडतच नाही. मॅगझिनही निघत नाही, कारण ते काढायला अप्पर उघडावा लागतो. भरलेली, अडकलेली, न उघडणारी रायफल हातात घेऊन रेंजवर उभं राहणं ही सुरक्षित अवस्था नव्हे. म्हणून बदलायचीच असेल तर फीचरलेस करा. दिसायला ओबडधोबड वाटेल, हाताला सवय व्हायला दोनेकशे गोळ्या जातील, पण अडकलेलं मॅगझिन खाली ओढून मोकळं होता येतं.

पण मुळात बदलायची का? पत्रात तुम्ही शिकारीबद्दल आणि मुलाच्या नेमबाजीबद्दल भरभरून लिहिलं आहे, एआरबद्दल लिहिलंय ते फक्त कायद्याच्या संदर्भात. गेल्या वर्षभरात ती किती वेळा रेंजवर गेली ते आठवून पाहा. महिन्यातून एकदा तरी जात असेल तर बदलण्याचा खर्च आणि खटाटोप सार्थकी लागेल. दोन-तीनदाच गेली असेल तर टेक्सासमध्ये विका. तुम्हाला ती हार वाटते, कारण कोणी तरी ती तुमच्याकडून काढून घेतंय असं मनात आहे. पण पुढे इच्छा झाली तर सनीवेलच्या आसपासच्या दुकानातून तिथल्या नियमांत बसणारी रायफल तुम्ही विकत घेऊ शकाल. सुरक्षा प्रमाणपत्राची ३० प्रश्नांची परीक्षा (२३ बरोबर यावे लागतात), १० दिवसांची प्रतीक्षा, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेला ११ टक्के राज्य-कर, एवढी त्याची किंमत. दार बंद होत नाहीये.

विकताना एक काळाची अट आहे. तुम्ही आणि घेणारा, दोघंही टेक्सासचे रहिवासी असेपर्यंत आपसातला व्यवहार चालतो. तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी झालात की टेक्सासमधल्या मित्राला रायफल विकणं किंवा भेट देणंसुद्धा परवानाधारक दुकानदारामार्फतच करावं लागतं. परक्या माणसाला विकायची असेल तर टेक्सासमध्येही मी दुकानातूनच विकायला सांगेन. खरेदीदाराची तपासणी होते आणि अनुक्रमांक तुमच्या नावावरून उतरल्याचा कागद राहतो.

मित्राकडे ठेवून जायचं म्हणता, तर मित्राचा व्हिसा कोणता हे आधी पाहा. आपल्या मंडळींत हा प्रश्न कोणी विचारत नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण आपल्या रायफलीसाठी दुसऱ्याच्या व्हिसाची परीक्षा घेऊ नये. मित्र नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर रायफल कुलूपबंद पेटीत, किल्ली तुमच्याकडे, आणि पेटीत काय आहे याची अनुक्रमांकासह दोघांच्या सहीची नोंद. नाताळात टेक्सासला जाऊन तुम्ही ती झाडू शकता. पण वर्षानुवर्षं न उघडलेली पेटी दुसऱ्याच्या घरात राहणं मला पटत नाही. दोन वर्षांत तिला हात लागला नाही तर विकून मोकळे व्हा.

मॅगझिनांबाबत चर्चेला जागा नाही. ३० गोळ्यांची सहाही मॅगझिनं टेक्सासमध्येच विका किंवा द्या, आणि हवी तर १०ची नवी घेऊन जा. रिव्हेट ठोकून ३०चं १० करता येतं, पण तो बदल कायमचा आहे हे पटवून देण्याचं ओझं नको त्या प्रसंगी तुमच्यावर येईल. सनीवेल शहराचा तर नोव्हेंबर २०१३मध्ये मतदारांनी मंजूर केलेला स्वतःचाही नियम आहे: १०च्या वरची मॅगझिनं बंद, बंदूक कुलपात, आणि चोरीला गेली किंवा हरवली तर ४८ तासांत पोलिसांना कळवायचं. राज्याचा नियम पाच दिवसांचा आहे, पण तुम्हाला शहराचा पाळावा लागेल. घर सनीवेलऐवजी सॅन होजेत मिळालं तर तिथे बंदूकमालकाला अपघाती वापराची जबाबदारी घेणारा विमा लागतो. भाडेकरूच्या विम्यात ते कलम आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.

साठवलेल्या गोळ्या निघण्याआधी संपवा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला बाहेरून मिळवलेल्या गोळ्या थेट राज्यात आणता येत नाहीत, त्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत याव्या लागतात. तुम्ही नेमके कोणत्या क्षणी रहिवासी झालात यावर वकील वाद घालू शकतील. तुम्ही तो वाद दोन पेट्या गोळ्यांसाठी ओढवून घेऊ नका. शेवटचे दोन शनिवार रेंजवर घालवा, मुलालाही न्या.

प्रवासात रायफली स्वतःच्या गाडीतून न्या. घरसामान हलवणाऱ्या कंपन्या दारूगोळा घेत नाहीत. रायफल घेतली तरी ती ट्रकमध्ये आठवडाभर कुठे कुठे उभी राहील यावर तुमचा ताबा नसतो. रिकामी रायफल, बोल्ट वेगळी, कडक पेटी, कुलूप, डिकी. रात्री हॉटेलात मुक्काम केलात तर पेटी खोलीत. डॅलसहून न्यू मेक्सिको, ॲरिझोना करत आय-१०ने गेलात तर कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर तपासणी नाका लागतो. तो शेतीखात्याचा असतो, फळं-रोपं विचारतात. घाबरून काही लपवालपवी करू नका, विचारलं त्याचं खरं उत्तर द्या. विमानाने नेणार असाल तर कडक कुलूपबंद पेटीतून, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानातच.

पोहोचल्यावर पहिलं काम ड्रायव्हिंग लायसन्स. रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत ते काढायचंच असतं. ते आलं की न्याय विभागाच्या सीफार्स या ऑनलाइन यंत्रणेवर नव्या रहिवाशाचा अहवाल भरा. कागदी फॉर्मचा क्रमांक बीओएफ ४०१०ए, शुल्क १९ डॉलर. कंपनी, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी, अनुक्रमांक हे सगळं रायफल समोर ठेवून भरा. आपल्या लोकांचं इथे नावात अडतं. टेक्सासच्या लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, ग्रीन कार्डवर नुसतं आद्याक्षर, आणि तिसरीकडे काहीच नाही. पुढे गोळ्या विकत घेताना विक्रेता तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लायसन्स क्रमांक याच नोंदीशी जुळवतो. एक अपार्टमेंट नंबर राहिला तरी तपासणी फेटाळली जाते. म्हणून आधी कॅलिफोर्नियाचं लायसन्स आणि त्यावर आहे तसंच नाव, तसाच पत्ता अहवालात. भाड्याचं घर बदललं की नोंदीतला पत्ताही बदलायचा. अहवालाची पोच छापून पेटीत ठेवा.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याकडे. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण त्यांचा विरोध तिन्ही रायफलींना आहे की एखाद्या नेमक्या भीतीला, हे त्यांना विचारलंत का? टेक्सासच्या मोठ्या घरातून तुम्ही बहुधा दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये जाणार. वयात येणारा, शाळा आणि मित्र सुटलेला मुलगा त्याच घरात असेल. ती भीती रास्त आहे, आणि कायदाही तिच्या बाजूने आहे. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंदूक लागू शकेल अशी ती ठेवणं हा कॅलिफोर्नियात पालकाचा गुन्हा ठरू शकतो. १ जानेवारी २०२६पासून तर घरात मूल असो वा नसो, बंदूक तुमच्या अंगावर किंवा थेट ताब्यात नसेल तेव्हा ती न्याय विभागाच्या मान्य यादीतल्या पेटीत किंवा तिजोरीत कुलूपबंद असावी लागते. जुनी तिजोरी त्या यादीत आहे का पाहा, नसेल तर नवी घ्या. संकेतांक फक्त तुम्हाला माहीत हवा, आणि तो मुलाच्या वाढदिवसाचा नको. घर बदलल्यावर मूल मिटल्यासारखं वाटलं, एकटं पडलं, झोप-जेवण बिघडलं, तर काही महिने रायफली घराबाहेर, परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायला द्या. हे आधीच पत्नीला सांगून टाका: "तू म्हणशील त्या दिवशी त्या घरातून जातील, कारण विचारणार नाही." एवढ्या एका वचनानंतर बहुधा .३०८ आणि .२२ बद्दल शांतपणे बोलता येईल.

हिवाळ्यात आई-बाबा पाच-सहा महिने राहायला येत असतील तर त्यांचाही विचार करा. पर्यटक व्हिसाही बिगर-स्थलांतरितच. मघाशी मित्राला जो नियम सांगितला तोच त्यांना लागू. तिजोरीची जादा किल्ली "बाबांकडे राहू दे" म्हणून देऊ नका. नातवाबरोबर हौसेने रेंजवर यायचं म्हणाले तर पाहायला येऊ देत, हातात रायफल देण्याआधी वकिलाला विचारा.

अशाच वाटेवर असलेल्या इतरांसाठी थोडं. पिस्तूल असेल तर त्याचीही ६० दिवसांत त्याच फॉर्मवर नोंद होते. तिथल्या दुकानांच्या मान्य यादीत नसलेलं मॉडेलही नवा रहिवासी आणू शकतो, मात्र असॉल्ट वेपनच्या व्याख्येत बसता कामा नये. सायलेन्सर सामान्य नागरिकाला कॅलिफोर्नियात चालत नाही, टेक्सासमध्ये त्यावर कितीही रीतसर शिक्का असला तरी. घरी जुळवलेल्या, अनुक्रमांक नसलेल्या बंदुकीची वेगळी प्रक्रिया आहे, ती वकिलाशी बोलल्याशिवाय हलवू नका. आणि सगळ्यांनीच, निघण्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियात बंदूक-कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाचा एक तास विकत घ्या. रायफलीचे चारही बाजूंनी फोटो, लोअरवरच्या मजकुराचा जवळून फोटो आणि बदललेल्या भागांच्या पावत्या त्यांना आधी पाठवा. नागरिकत्वाचा अर्ज तोंडावर असेल तर तेच कागद स्थलांतर वकिलालाही दाखवा.

निघायच्या आदल्या रात्री रेंजची बॅग जमिनीवर उलटी करा. बाजूचे कप्पे, कानांच्या संरक्षकाची पिशवी, शिकारीच्या जाकिटाचे खिसे, गाडीच्या सीटखालची जागा, सगळं हाताने चाचपा. सहा मॅगझिनं विकलीत म्हणून पावती दाखवाल आणि सातवं, दोन वर्षांपूर्वी 'हरवलेलं', तिथेच कुठेतरी असेल.